कृती दुसऱ्या हाताने जमल्याशिवाय पेपर पाठवू नका

प्रति,
विद्यापीठांच्या रसायनशास्त्र विभागांचे प्रमुख, संशोधन समित्यांचे सदस्य आणि संशोधन मार्गदर्शक यांस

विषय: पेपर पाठवण्याआधी त्यातली मुख्य कृती विभागातच दुसऱ्या व्यक्तीकडून करून घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

विभागाच्या वार्षिक अहवालात पेपर किती छापून आले, उद्धरणे किती झाली, पीएचडी किती पूर्ण झाल्या याचे आकडे असतात. छापलेल्या कृतींपैकी किती कृती त्याच विभागातल्या दुसऱ्या कुणाला, केवळ मजकूर वाचून, जमतात हा आकडा मात्र कुठेही नसतो. आमची मागणी एवढीच आहे की कोणताही संश्लेषणाचा पेपर विभागाबाहेर जाण्याआधी त्यातली मुख्य अभिक्रिया दुसऱ्या गटातल्या एका व्यक्तीने, लिहिलेली कृती समोर ठेवून, कुणाला काही न विचारता करून पाहावी. उत्पादन १० टक्क्यांच्या फरकात जुळले तर पेपर पाठवावा. जुळले नाही तर आधी कारण शोधावे.

ही काही नवी कल्पना नाही. ‘ऑर्गॅनिक सिंथेसिस’ हे प्रकाशन १९२१ पासून हेच करत आले आहे. तिथे आलेली प्रत्येक कृती संपादक मंडळातल्या एखाद्या सदस्याच्या प्रयोगशाळेत करून पाहतात, आणि जमली नाही तर छापत नाहीत. म्हणूनच त्यातल्या कृती इतक्या लांबलचक असतात. फ्लास्कला किती तोंडे आहेत, सुई कोणत्या मापाची, थेंब किती मिनिटांत सोडायचे, रंग कधी बदलतो, हे सगळे तिथे लिहिलेले सापडते. बाकीच्या बहुतेक पेपरांत तोच मजकूर चार ओळींत आटोपलेला असतो आणि जे गाळले जाते त्यातच कृतीचा जीव असतो. गाळले काय जाते, याची काही उदाहरणे इथे तपशिलाने देत आहोत. मागणी अवाजवी वाटू नये, हा त्यामागचा हेतू.

सर्वांत जास्त घोळ होतो तो ब्युटिललिथियमच्या (हवा आणि पाण्याशी लगेच अभिक्रिया करणाऱ्या रसायनाच्या) बाटलीवर. लेबलावर १.६ मोलर (लिटरमागे १.६ मोल) लिहिलेले असते, पण तो आकडा बाटली भरली त्या दिवसाचा. सेप्टमला (बाटलीच्या रबरी बुचाला) पंधरा-वीस वेळा सुई टोचली गेली की हवा आणि ओल आत शिरते, द्रावण गढूळ होते, तळाशी पांढरा गाळ बसतो. टायट्रेशन, म्हणजे द्रावणाची खरी तीव्रता मोजणे, हे अर्ध्या तासाचे काम आहे. कोरड्या फ्लास्कमध्ये नायट्रोजनखाली १५६ मिलिग्रॅम मेंथॉल, म्हणजे १ मिलिमोल, ५ मिली कोरड्या टीएचएफमध्ये (टेट्राहायड्रोफ्युरान या द्रावकात) विरघळवायचे, त्यात १,१०-फेनान्थ्रोलिन २ मिलिग्रॅम टाकायचे आणि फ्लास्क बर्फात ठेवून ब्युटिललिथियम थेंबाथेंबाने सोडायचे. थेंब पडतो तिथे तांबूस-तपकिरी रंग उमटतो आणि ढवळल्यावर विरतो. रंग विरायचा थांबला की आपणही थांबायचे. फेनान्थ्रोलिन अंदाजे चिमूटभर टाकायची सवय मात्र मोडायला हवी. २० मिलिग्रॅम पडले तर ते ०.११ मिलिमोल झाले, आणि ब्युटिललिथियम त्याच्याशीही जोडले जाते. म्हणजे ११ टक्क्यांपर्यंतची चूक तिथेच होऊ शकते.

समजा टायट्रेशनला ०.७० मिली लागले. याचा अर्थ बाटली १.४३ मोलर आहे. आता १० मिलिमोलच्या प्रयोगात १.१ समतुल्य (मूळ पदार्थाच्या १.१ पट मोल) हवे म्हणून कुणी लेबलावर विसंबून ६.९ मिली घेतले, तर फ्लास्कमध्ये ११ मिलिमोल जायच्या ठिकाणी ९.९ गेले. मूळ पदार्थापेक्षाही कमी! मग टीएलसीवर (अभिक्रिया कुठवर आली ते ठिपक्यांतून दाखवणाऱ्या पट्टीवर) मूळ पदार्थाचा ठिपका हटत नाही आणि विद्यार्थी आठवडाभर तापमान बदलत बसतो. ज्याने पहिल्यांदा ही अभिक्रिया केली त्याच्या हातात नवी बाटली होती, एवढाच फरक असतो. त्याच बाटलीचे आणखी एक टायट्रेशन डायफेनिलअॅसेटिक आम्लाने करावे (२१२ मिलिग्रॅम म्हणजे १ मिलिमोल, फिकट पिवळा रंग टिकला की शेवट). हवा शिरून बाटलीत तयार झालेला अल्कोक्साइड आम्लाच्या टायट्रेशनमध्ये मोजला जातो, मेंथॉलच्या टायट्रेशनमध्ये नाही. दोन आकड्यांत जेवढी तफावत, तेवढी बाटली खराब झालेली. हे दोन्ही आकडे तारखेसह बाटलीवर चिकटवलेले असावेत आणि पेपरच्या कृतीत ‘टायट्रेट केलेले’ हा शब्द असावा.

याच रसायनाबाबत सुरक्षिततेचीही एक गोष्ट सांगायला हवी, कारण तीही कृतीतून गाळली जाते: द्रव एका भांड्यातून दुसऱ्यात नेमका कसा नेला. २००८च्या डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात टर्शरी-ब्युटिललिथियम ६० मिलीच्या प्लास्टिक सिरिंजने ओढताना दट्ट्या बाहेर आला, द्रवाने हवेत पेट घेतला आणि संशोधन सहायक असलेली तरुणी भाजली. तिच्या अंगात लॅब कोट नव्हता. जानेवारी २००९ मध्ये ती गेली. थोडे द्रव घ्यायचे असेल तर निम्म्याहून जास्त भरावी लागणार नाही एवढी मोठी, लांब सुईची, घट्ट दट्ट्याची सिरिंज; जास्त घ्यायचे असेल तर दोन तोंडी सुई आणि नायट्रोजनचा हलका दाब. ‘ब्युटिललिथियम टाकले’ एवढे लिहून ज्याला कृती हातात दिली जाते त्याला यातले काहीच कळत नाही.

दुसरी अडचण पाण्याची. १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग) पाणी म्हणजे काहीच नाही असे वाटते. हिशेब करून पाहा. ०.५ मिलिमोलच्या प्रयोगात ५ मिली टीएचएफ वापरले, तर १०० पीपीएमच्या दराने त्यात सुमारे ०.४५ मिलिग्रॅम पाणी आहे, म्हणजे ०.०२५ मिलिमोल. उत्प्रेरक १ मोल टक्का घेतला असेल तर तो ०.००५ मिलिमोल. फ्लास्कमध्ये उत्प्रेरकाच्या पाचपट पाणी आहे आणि पेपरात लिहिले आहे ‘कोरडे टीएचएफ’. कोरडे म्हणजे किती कोरडे, हे कार्ल फिशर या पाणी मोजणाऱ्या यंत्रावर पाच मिनिटांत कळते. ३ आँगस्ट्रॉमच्या मॉलिक्युलर सीव्हवर (पाणी शोषणाऱ्या सच्छिद्र दाण्यांवर), दर १०० मिलीला २० ग्रॅम या प्रमाणात, टीएचएफ दोन-तीन दिवस ठेवले तर पाणी १० पीपीएमच्या खाली येते. सोडियम-बेंझोफिनोनवर द्रावक उकळून निळ्या रंगावर भिस्त ठेवण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा हे अधिक कोरडे आणि कमी धोक्याचे आहे. अट एकच: सीव्ह ३०० अंशांवर रात्रभर तरी तापवलेले हवेत. १२० अंशांच्या काचसामानाच्या ओव्हनमध्ये ठेवलेले सीव्ह नुसते गरम होतात, त्यांतले पाणी जात नाही. शिवाय स्थिरक काढलेल्या टीएचएफमध्ये पेरॉक्साइड लवकर धरते, म्हणून बाटलीवर तारीख, महिन्यातून एकदा पट्टीने तपासणी, आणि कोणतेही ईथर तळ कोरडा होईपर्यंत उडवायचे नाही.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. ती म्हणजे धातूचा अंश. रसायनशास्त्राच्या इतिहासातच याचे दाखले आहेत. म्युल्हाइममध्ये कार्ल त्सीग्लर यांच्या गटात १९५३ मध्ये ट्रायएथिल अॅल्युमिनियमवर एथिलिनची साखळी वाढायच्या ऐवजी अचानक ब्युटीनवरच थांबू लागली. शोध घेतला तेव्हा ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखाली अभिक्रिया करण्याच्या भांड्यात) राहिलेला निकेलचा अंश सापडला. त्यांनी तिथेच न थांबता इतर धातू एकेक करून तपासले, त्यातून टायटॅनियमपर्यंत पोहोचले आणि १९६३ मध्ये नोबेलचे मानकरी ठरले. क्रोमियम(दोन) क्लोराइडची जी अभिक्रिया आज नोझाकी-हियामा-किशी या नावाने शिकवतात, ती एका बाटलीतल्या क्रोमियमने चाले आणि दुसऱ्या बाटलीतल्याने नाही. १९८६ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवले की चालणाऱ्या बाटलीत निकेल मिसळलेले होते. आज ते मुद्दाम टाकतात. उलटा दाखलाही आहे. सुझुकी ही एरवी पॅलेडियम वापरून दोन कार्बन जोडणारी अभिक्रिया. ‘धातूविना सुझुकी’ म्हणून २००३ मध्ये छापलेल्या पद्धतीचा २००५ मध्ये त्याच गटाने फेरविचार केला, तेव्हा सोडियम कार्बोनेटमधले सुमारे ५० पीपीबी (अब्ज भागांत ५० भाग) पॅलेडियमच काम करत असावे असे निघाले. एका ग्रॅममध्ये ५० नॅनोग्रॅम! त्या गटाने ते स्वतःहून जाहीर केले, याबद्दल आम्हाला मनापासून आदर वाटतो.

विभागाच्या पातळीवर यातून निघणारे काम साधे आहे. पॅलेडियमच्या अभिक्रियेतून निघालेला मॅग्नेटिक बार (ढवळायची चुंबकी कांडी) हातात घेऊन उजेडात पाहा. टेफ्लॉनवर राखाडी डाग आणि बारीक ओरखडे दिसतील, आणि त्या ओरखड्यांत बसलेला धातू अॅसिटोनने निघत नाही. तोच बार पुढच्या आठवड्यात ‘उत्प्रेरकाशिवाय’ म्हणून लावलेल्या तुलनेच्या प्रयोगात फिरत असतो. म्हणून उत्प्रेरकाविना चालणारी अभिक्रिया असा दावा असेल तेव्हा नवा बार, नवे फ्लास्क, दुसऱ्या उत्पादकाचा बेस (आम्लारी) आणि दुसरा स्पॅच्युला घेऊन ती करावी, आणि बेसचे आयसीपी-एमएस (धातूचा सूक्ष्म अंश मोजणारे) विश्लेषण जोडावे. डागाळलेले बार टाकून द्यावेत. त्यात काटकसर नको.

‘नेहमीप्रमाणे वर्कअप केले’ (म्हणजे अभिक्रिया थांबवून पदार्थ वेगळा काढला) या वाक्यावर तर विभागाने बंदीच घालावी. लिथियम अॅल्युमिनियम हायड्राइडचे उदाहरण घ्या. १ ग्रॅम हायड्राइड वापरले असेल तर ईथरने पातळ करून, फ्लास्क बर्फात ठेवून, क्रमाने १ मिली पाणी, मग १ मिली १५ टक्के सोडियम हायड्रॉक्साइड, मग ३ मिली पाणी थेंबाथेंबाने सोडायचे. पाणी सोडून झाले की खोलीच्या तापमानाला पंधरा मिनिटे ढवळायचे, मॅग्नेशियम सल्फेट टाकायचे आणि गाळायचे. प्रमाण बरोबर असेल तर पांढरा, दाणेदार गाळ खाली बसतो आणि गाळण दोन मिनिटांत होते. पाणी एकदम जास्त पडले तर अॅल्युमिनियमचा चिकट लगदा होतो, उत्पादन त्यात अडकते आणि ८० टक्क्यांचे ५० होतात. अभिक्रिया दोन्ही वेळा सारखीच झालेली असते. पहिले थेंब पडताना हायड्रोजन जोरात सुटतो, म्हणून बंद फ्लास्कवर हे कधीच करायचे नाही. हेही कृतीत हवे. तसेच ‘थेंबाथेंबाने’ म्हणजे ५ मिली किती मिनिटांत, आणि उणे ७८ अंश हे बाथचे तापमान की फ्लास्कच्या आतले, हे लिहिलेले असावे. लवकर ओतले तर आतला पारा सहज पंधरा-वीस अंश वर जातो. ‘खोलीचे तापमान’ हा शब्द तर १८ अंशांपासून ३२ अंशांपर्यंत काहीही सांगतो.

उत्पादनाच्या टक्क्यांबद्दल. ३०० रेणुभाराच्या पदार्थात एथिल अॅसिटेट राहिले असेल आणि एनएमआरवर (चुंबकीय अनुनादाने रेणू ओळखणाऱ्या यंत्रावर) ते पदार्थाच्या एक पंचमांश मोल दिसत असेल, तर वजनात ते साडेपाच टक्के होते. ९० टक्के म्हणून लिहिलेले उत्पादन खरे ८५ असते. इंटरनल स्टँडर्ड (तुलनेसाठी मिसळलेला ज्ञात वजनाचा पदार्थ) वापरून मोजायचे तर १,३,५-ट्रायमेथॉक्सिबेंझिन अचूक तोलून घ्यावे आणि दोन पल्समधला वेळ पदार्थातल्या सर्वांत मोठ्या टी-१च्या (प्रोटॉनला पल्सनंतर पूर्वस्थितीत यायला लागणाऱ्या वेळेच्या) पाचपट ठेवावा. यंत्रावर आधीच भरून ठेवलेला १ सेकंद तसाच राहू दिला तर हळू सैलावणाऱ्या प्रोटॉनचे शिखर लहान येते आणि आकडा चुकतो. ३० ते ६० सेकंद ठेवले तर १६ स्कॅनला दहा-पंधरा मिनिटे लागतात. एवढा वेळ यंत्राच्या वेळापत्रकात मिळायला हवा. आणि पेपरसोबत नुसते चित्र न ठेवता मूळ एफआयडी फाइल (यंत्राने नोंदवलेला कच्चा संकेत) विभागाच्या सर्व्हरवर ठेवावी.

प्रमाण वाढवण्याचा मुद्दा आम्ही मुद्दाम वेगळा काढला आहे. अभिक्रियेचे घनफळ १० पट झाले की फ्लास्कचा पृष्ठभाग साधारण ४.६ पटच होतो. उष्णता तयार होते दहापट, बाहेर पडायची वाट त्याच्या निम्मीही नाही. १ मिलिमोलला शांत वाटलेले सोडियम हायड्राइड आणि डीएमएफ या द्रावकाचे मिश्रण १०० मिलिमोलला स्वतःच तापत जाऊ शकते, कारण डीएमएफचे विघटनही उष्णता सोडते. टेक्सास टेक विद्यापीठात जानेवारी २०१० मध्ये निकेल हायड्राझीन परक्लोरेटचा स्फोट होऊन एका विद्यार्थ्याची तीन बोटे गेली. १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त करायचे नाही ही मर्यादा गटात तोंडी होती, लिहिलेली नव्हती; प्रत्यक्षात सुमारे १० ग्रॅम बनवले गेले आणि गुठळ्या फोडायला खलबत्ता वापरला गेला. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने त्यावर सविस्तर अहवाल दिला आहे, तो प्रत्येक विभागप्रमुखाने वाचावा. आमची विनंती अशी की प्रत्येक कृतीखाली ‘या प्रमाणापलीकडे करून पाहिलेले नाही’ ही ओळ सक्तीची असावी. परक्लोरेट, अॅझाइड, पेरॉक्साइड असलेल्या कृती दुसऱ्या हाताने करताना मूळ प्रमाणापेक्षा कमीच घ्याव्यात.

आता व्यवस्था कशी असावी. पेपरामागे एक मुख्य अभिक्रिया आणि दोन उदाहरणे, ०.५ ते १ मिलिमोलवर. करणारा दुसऱ्या गटातला. त्याला मजकूर मिळेल, रसायनांचे लॉट क्रमांक मिळतील, बोलायला कुणी मिळणार नाही. ज्या ज्या ठिकाणी त्याला प्रश्न पडेल ते त्याने समासात लिहावे. आमच्या मते या सगळ्या उपक्रमातला सर्वांत मोलाचा कागद हाच असेल, कारण ते प्रश्न म्हणजे कृतीतली भोके. जुळले नाही तर दोघांनी शेजारी उभे राहून एकदा करावे आणि या क्रमाने तपासावे: टायट्रेशन, पाणी, बार व भांडी, टाकण्याचा वेग, आतले तापमान, ढवळण्याचा वेग, वर्कअप. या कामाचे श्रेय पीएचडीच्या गुणांकनात धरावे आणि पेपरात नावानिशी नोंदवावे. ते फुकटात करून घेतले तर वर्षभरात बंद पडेल. वीस पायऱ्यांचे संश्लेषण कुणी पुन्हा करावे असे आम्ही म्हणत नाही. त्यातली नवी म्हणून सांगितलेली पायरी पुरे. संगणकावरच्या गणनेच्या पेपरांत इनपुट फाइल, प्रोग्रामची आवृत्ती आणि अंतिम संरचनेचे निर्देशांक देऊन दुसऱ्याने तीच ऊर्जा काढून दाखवावी, त्याला एक दुपार लागते.

‘यात वेळ जातो, संशोधन नव्यासाठी असते’ असा आक्षेप येईल. विद्यापीठातल्या रसायनशाळेची घडी ज्यांनी बसवली त्या युस्टुस लीबिग यांच्याकडे पाहावे. गीसेनमध्ये १८२४ पासून त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती प्रयोग दिले, आणि १८३१ मध्ये पाच फुग्यांची काचनळी आणली: तीत पोटॅशचे द्रावण भरायचे, ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड त्यात शोषायचा, आधी आणि नंतर तोलायचे, वाढलेल्या वजनावरून कार्बन काढायचा. तोवर मूलद्रव्य विश्लेषण हे मोजक्या कसबी हातांचे काम होते. या नळीमुळे ते विद्यार्थ्यालाही बरोबर जमू लागले आणि गीसेनमधून नवी संयुगे भराभर बाहेर पडली.

शेवटी माणसांबद्दल. ४०० मेगाहर्ट्झचा एनएमआर म्हणजे ९.४ टेस्लाचा चुंबक. त्याला साधारण दर आठवड्याला द्रव नायट्रोजन आणि काही महिन्यांनी द्रव हेलियम भरावे लागते. हेलियमची पातळी सोडून दिली तर चुंबक क्वेंच होतो (त्याची अतिवाहकता अचानक जाते), द्रवाचा सुमारे ७०० पट वायू होऊन खोलीतला ऑक्सिजन हटतो आणि यंत्र महिनोन्‌महिने बंद पडते. यंत्र घेताना निधी मिळतो, ते चालवणारी कायमची व्यक्ती मात्र मिळत नाही. तीच गत ग्लोव्हबॉक्स (हवाविरहित बंद पेटी), कार्ल फिशर आणि रसायन भांडाराची. वर सांगितलेले टायट्रेशन, सीव्ह तापवणे, लॉट क्रमांकांची नोंद हे सगळे पाहणारी दोन कायम पदे विभागात असावीत आणि पुढच्या मोठ्या यंत्राच्या प्रस्तावातच ती मागावीत.

हे पत्र विभागाच्या बैठकीत येईल तेव्हा सोबत गेल्या महिन्यात पाठवलेल्या कोणत्याही एका पेपरची कृती ठेवावी. ती शेजारच्या गटातल्या दुसऱ्या वर्षाच्या संशोधक विद्यार्थ्याला द्यावी, सोबत पेन्सिल द्यावी आणि तासाभराने त्याने समासात लिहिलेले प्रश्न बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावेत.

आपले,
प्रयोगशाळांत आणि उपकरण केंद्रांत काम करणारे संशोधक व तंत्रज्ञ